आत्याचं हक्कसोडपत्र

पनवेलच्या कचेरीबाहेर बदामाच्या झाडाखाली पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं. टोकाचं टेबल माझं. माझं म्हणजे खरं तर अण्णांचं. अण्णा दस्तलेखक आणि मी त्यांची टायपिस्ट. मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊनही मी घरात बसून आईचं डोकं खाते, म्हणून बाबांनीच मला तिथे चिकटवलं होतं. बी.ए. झालेली मुलगी शेडमध्ये बसते याचं आमच्या गव्हाण गावात काही लोकांना फार वाईट वाटायचं. मला मुळीच वाटत नव्हतं. सकाळच्या एसटीने यायचं, मशीनवरचं कापड झटकायचं, रिबीन सरळ करायची आणि दिवसभर लोकांच्या भानगडी ऐकत खडखडाट करायचा. मला भानगडी आवडतात. आजही आवडतात.

ती नव्वदच्या दशकातली वर्षं. आमच्या पट्ट्यातली भातशेती नव्या शहरासाठी कधीच घेऊन झाली होती. आता त्या शेताच्या बदल्यात थोडा भूखंड परत मिळणार होता, आणि त्याच्या कागदपत्रांसाठी सातबारावर नाव असलेल्या प्रत्येक वारसाची सही लागत होती. वारस म्हटले की त्यात बहिणी आल्या. आपलं नाव सातबारावर आहे हे ज्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, अशा बहिणी एकदम महत्त्वाच्या झाल्या. त्यांना सासरहून आणायचं, आमच्या टेबलावर हक्कसोडपत्र करायचं, 'माझा वाटा मी भावाला राजीखुशीने सोडते' असं लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून द्यायचं. त्या दिवशी भाऊ बहिणीला साडी घ्यायचा. आम्ही शेडवाले तिला सहीची साडी म्हणायचो. बऱ्याच जणी तीच नेसून यायच्या, घडीच्या रेघा तशाच दिसत असायच्या. सगळं गोडीगुलाबीने चालायचं, रडारड क्वचितच.

कायदा काही कालचा नव्हता. बाप गेला की मुलीलाही वाटा, हे माझ्या जन्माच्या आधीपासून होतं. त्यासाठी कुठल्या कुठल्या बायांनी सभा घेतल्या असतील, शिव्या खाल्ल्या असतील, घरच्यांशी वाकडं घेतलं असेल. कॉलेजात मी त्यावर निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. आता त्याच हातांनी मी तो वाटा परत करण्याचे कागद टाईप करत होते, दिवसाला चार तर कधी सहा. पहिल्या महिन्यात माझा नुसता संताप व्हायचा. मी मशीनवर इतक्या जोरात बोटं आपटायचे की अण्णा म्हणायचे, "अगं, त्या मशीनने काय केलंय तुझं?"

एकदा उरणकडची एक कोळीण आली होती, मासळीची पाटी शेडच्या खांबाशी ठेवून. भाऊ घाई करत होता आणि ती म्हणत होती, म्हावरा विकून येते, मग करते सही. शेवटी बसली. पेन हातात धरून तिने भावाला विचारलं, "आन सही नाय केली तं?"

"काय नाय," भाऊ हसत म्हणाला, "माहेर जाईल तुजा."

तीही हसली. सगळेच हसले. हसत हसत तिने सही केली. पण ते थट्टेतलं बोलणं खोटं नव्हतं, हे आमच्या टेबलापुढे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत असायचं. एका पारड्यात जमिनीचा तुकडा आणि दुसऱ्यात सणावाराला जायचं घर. मी माझ्या बाविसाव्या वर्षाच्या अकलेने त्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हणायचे. नवरा दारू पिऊन आला तर रात्रीची कुठे जाणार ही बाई, असा विचार माझ्या डोक्यात येत नसे. मला माहेर सोडून जावं लागलं नव्हतं ना अजून.

हळूहळू राग बोथट झाला. माणूस कशालाही सरावतो. हक्कसोडपत्राचा मसुदा ठरलेला असायचा, फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. दोन वर्षांत तो मसुदा माझ्या बोटांना इतका पाठ झाला की डोळे मिटून टाईप केला असता.

आणि मग आमच्या घरची पाळी आली.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. अतिशय सरळ माणूस. शाळेतला खडू घरी आणायचे नाहीत. दर जानेवारीत स्त्रीशिक्षणावर त्यांचं भाषण व्हायचं आणि ते मनापासून करायचे; मला त्यांनीच शिकवलं, आईचा विरोध असताना. त्यांना एकच बहीण, माझी आत्या, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. आमची आजी फार लवकर गेली. तेव्हा आत्या दहा वर्षांची होती. तिसरीतून शाळा सुटली आणि ती चुलीपुढे बसली. बाबा रोज पनवेलला हायस्कुलात यायचे, आणि आत्याने पहाटे उठून भाजलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून आणायचे. त्या भाकऱ्या एका बाजूने करपलेल्या आणि दुसऱ्या बाजूने कच्च्या असायच्या, ही आमच्या घरातली आवडती गोष्ट. सणाला सगळे जमले की बाबा ती रंगवून सांगायचे, आत्या पदर तोंडाला लावून हसायची, आम्हीही हसायचो. किती वर्षं हसलो आम्ही त्या गोष्टीला.

पुढे आत्या कर्नाळ्याच्या पायथ्याशी एका गावात दिली. आमच्याकडे ती गणपतीला आणि शिमग्याला यायची. आली की माझं डोकं मांडीवर घेऊन उवा शोधायची. मी कॉलेजात जायला लागले तरी शोधायची. "नाहीत गं आत्या," म्हटलं तर म्हणायची, "नसूं देत, बस गप." माझ्या आईने मला जन्म दिला हे खरं, पण लाड मात्र आत्याने केले.

तर त्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, बाबा एका संध्याकाळी सातबाराचा उतारा घेऊन माझ्याजवळ बसले.

"तुझ्या आत्याचं हक्कसोड करायचंय," ते म्हणाले. "घरचंच काम आहे. तूच टाईप करून ठेव."

मी उतारा बघितला. आजोबा गेल्यावर लागलेली दोन नावं, एकाखाली एक. बाबांचं आणि आत्याचं. मी विचारलं, "आत्याला सांगितलंत?"

"सांगितलं. हो म्हणाली. नाही कशाला म्हणेल?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. निबंधाचं बक्षीस मिळालेली मुलगी ना मी! पण आई भाकरी थापता थापता माझ्याकडे बघत होती, भूखंडावर घर बांधायचं, माझ्या भावाचं लग्न करायचं, सगळं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी उतारा पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये साध्या कागदावर कच्चा मसुदा टाईप केला. कुठेही अडखळले नाही.

ठरलेल्या दिवशी आत्या परस्पर पनवेलला आली. बाबा गव्हाणहून माझ्याबरोबरच आले होते. बाजारात जाऊन त्यांनी तिच्यासाठी हिरवी साडी घेतली, चांगली होती, निवडून घेतली होती. आत्याने ती पिशवीतून काढून माझ्या गालाला लावून बघितली. "तुलाच बरी दिसंल गो बाय," म्हणाली. मला एकदम रडूच येईल असं वाटलं, म्हणून मी रिबीन बदलायला घेतली. ती बदलायची गरज नव्हती.

अण्णांची एक पद्धत होती. स्टॅम्पपेपरवर घेण्याआधी कच्चा मसुदा लिहून देणाऱ्याला एकदा वाचून दाखवायचा. ते स्वतः वाचायचे तेव्हा इतक्या वेगात वाचायचे की सत्यनारायणाचा शेवटचा अध्याय चालला आहे असं वाटावं. त्या दिवशी ते म्हणाले, "तुझीच आत्या आहे, तूच वाच."

मी वाचायला लागले. अमुक गावची, अमुक वयाची, धंदा घरकाम. आत्या मान हलवत होती. मग नेहमीचा परिच्छेद आला. 'माझ्या वडिलांच्या मिळकतीतील माझ्या वाट्याचे मला लग्नात व त्यानंतर वेळोवेळी पोहोचले आहे. आता माझे काहीही येणे राहिलेले नाही.'

आत्या म्हणाली, "थांब."

मी थांबले.

"मना काय पोचला?"

तिच्या आवाजात जराही तिखटपणा नव्हता. तिला खरोखरच आठवत नव्हतं आणि कागदात लिहिलंय म्हणजे आपणच विसरलो असू, असं वाटून ती विचारत होती. तिने बाबांकडे बघितलं. "दादा, काय पोचला रं? सांग ना. लगनात दोन लुगडी दिलीत, ती आपल्या बाबांनी दिली. हंडा दिला. सणाला साडी देतोस, आंबे पाठवतोस. पन ती माया झाली. वाटा कवा पोचला?"

बाबा म्हणाले, "अगं, ते लिहिण्याची पद्धत असते. सगळ्यांच्याच कागदात असतं."

"सगल्यांच्या?"

"सगळ्यांच्याच," अण्णा म्हणाले.

मी मशीनकडे बघत बसले. दोन वर्षांत शेकडो बायांच्या नावाने मी हे वाक्य लिहिलं होतं. संताप करत होते तेव्हाही लिहिलं होतं. त्यात काय लिहिलंय हे मी कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या आत्याच्या नावाने खोटी साक्ष मीच टाईप करून आणली होती, स्वच्छ, एकही खाडाखोड न करता. मला स्वतःची लाज वाटली, आजही ते आठवलं की वाटते.

"दादा, मी वाटा देते," आत्या म्हणाली. "नाय म्हनत नाय. पन खोटा लिवून नाय देनार. तिकडं सायेबासमोर विचारतात ना, खरा हाय का म्हनून? मी काय सांगू?" मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तू असा लिव. मना काय पोचला नाय. तरी मी माज्या भावाला देते. मायेनी देते. असा लिव."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "असं कुणी लिहून देत नाही, बाई. साहेब हसतील."

"हसूंदेत," आत्या म्हणाली.

अण्णांनी बाबांकडे बघितलं. बाबा चष्मा पुसत होते. अण्णा थोडा वेळ पानाच्या डब्याशी चाळा करत राहिले आणि मग मला म्हणाले, "लिही. लिहून देणार ती आहे, कागद तिचा आहे."

मी नवा कागद लावला. सवयीने बोटं जुन्याच वाक्याकडे धावत होती, त्यांना आवरून एकेक अक्षर बघत टाईप करावं लागलं. 'माझ्या वडिलांच्या मिळकतीतील माझ्या वाट्याचे मला आजपर्यंत काहीही पोहोचलेले नाही. तरी माझ्या भावावर माझी माया असल्याने मी माझा हक्क त्याला देत आहे.' एवढंच. खाली डाव्या बाजूला लिहून देणार, उजव्या बाजूला लिहून घेणार. कागद काढून मी वाचून दाखवला. आत्या समाधानाने म्हणाली, "हां. आता बरोबर."

अण्णांनी तो बाबांपुढे ठेवला. "मास्तर, बघा. चालत असेल तर पक्का करू."

बाबांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना ते ओळीखाली बोट फिरवत वाचायचे, तसं बोट फिरवत वाचत होते. लिहून घेणार म्हणून ज्या जागी त्यांना सही करायची होती तिथे ते बोट येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी भाडेपत्र चाललं होतं. आत्या नव्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मला हे घेववत नाही," बाबा म्हणाले.

"का रं दादा? मी देते ना."

"तू देतेस. मला घेववत नाही."

ते उठले आणि शेडबाहेर जाऊन बदामाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशीही पाठच बघितली. जुन्या कागदावर ते डोळे झाकून सही करणार होते. आमचा सरळ माणूस, घरी खडूसुद्धा न आणणारा. तो कागद वाचायची त्यांना गरज वाटली नव्हती, सगळ्यांच्याच कागदात असतं म्हणून. त्यांच्यावर रागवावं की त्यांना जवळ घ्यावं हे मला कळेना. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, टाईपरायटरवर कापड टाकलं.

परत आले तेव्हा त्यांनी दोन्ही कागद उचलले, घडी करून खिशात ठेवले आणि अण्णांना म्हणाले, "राहू दे. दोघांची नावं आहेत, दोघांचीच राहतील. भूखंड दोघांच्या नावावर."

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू असंच वाचून दाखवत राहिलीस तर माझा धंदा बसणार आहे." पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला ते वाक्य प्रत्येकीला सावकाश वाचून दाखवू दिलं. बहुतेक जणी ऐकून सही करायच्याच. काही विचारायच्या. दोघी-तिघी उठून गेल्या. याहून मोठा काही पराक्रम मी केलेला नाही.

त्या दिवशी आत्याला एसटी स्टँडवर सोडायला मी गेले. बाबा पुढे चालत होते, मागे वळूनही न बघता. मला वाटलं होतं आत्या खूश असेल. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बसच्या पायरीवर चढताना तिने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "दादा रागावला माज्यावर. माहेर गेला गो माजा."

"अगं, तूच तर बरोबर होतीस!" मी जवळजवळ ओरडलेच.

"बरोबर व्हतेच," ती म्हणाली. "म्हनूनच."

बस गेली. मी फार चिडले होते. कुणावर ते मलाही सांगता आलं नसतं. कायदा बाईला वाटा देतो, पण तो घेतल्यावर उंबऱ्याच्या आत कुणी 'ये' म्हणेल की नाही, हे कुठल्या कलमात लिहिणार? माझ्या निबंधात तरी ते नव्हतं.

चारपाच महिने आत्या आली नाही. निरोप यायचे, बरी हाय म्हणून. आई घरात धुसफुसायची. अर्धा भूखंड गेल्याचं दुःख तिने भांड्यांवर काढलं. करपलेल्या भाकऱ्यांची गोष्ट बाबांनी त्यानंतर कधीही सांगितली नाही. एकदा फक्त, जेवताना, मध्येच म्हणाले, "दहा वर्षांची होती गं ती," आणि पुन्हा जेवायला लागले.

गणपतीच्या आदल्या दिवशी ते स्वतः आत्याला आणायला गेले. एरवी कुणाबरोबर तरी निरोप धाडायचे. दुपारी एकटेच परत आले.

"नाही आली?" आईने विचारलं.

"'तू जा फुडं, माजी मी येन,' म्हणाली." ते खाटेवर बसले. "तुटलं बहुतेक."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. गणपती आले, आरती झाली, तिचं पान वाढायचं की नाही यावरून आई दोनदा स्वयंपाकघरात थबकली.

आत्याची एक रीत होती. लग्न झाल्यापासून कधीही आली तरी ती ओट्यावर उभी राहायची. आई पाय धुवायला पाणी द्यायची, मग प्यायला तांब्या, मग कुणीतरी "ये ना आत" म्हणायचं, आणि मगच ती उंबरा ओलांडायची. ज्या घरात दहाव्या वर्षापासून रांधलं त्याच घरात. पाहुणीची रीतच ती, आम्हाला कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती आली. एकटी, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, अंगावर ती हिरवी साडी. आई लगबगीने तांब्या घेऊन पुढे झाली.

"असूंदे वहिनी, मी घेते," आत्या म्हणाली आणि चपला काढून सरळ आत गेली. माठावरचं झाकण वाजलं. ती पाणी प्याली, मग दुसरा तांब्या भरून बाहेर घेऊन आली आणि खाटेवर बसलेल्या बाबांच्या हातात दिला.

"घे दादा," ती म्हणाली. "परवा उन्हातनं उगाच आलास मना न्याया. आपल्या घरी याया मानसाला कोन न्याया येतो का?"